डे मॉइनला नोकरी लागली? आधी काय करायचं, नंतर काय

आयोवातली ऑफर आली की घरचे पहिल्यांदा नकाशा उघडतात आणि मग विचारतात, "तिथे मक्याशिवाय काही आहे का?" आहे. डे मॉइन ही अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी. 2020 च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे 2 लाख 14 हजार होती, उपनगरं धरली तर 7 लाखांच्या वर. पश्चिमेकडच्या डॅलस काउंटीची लोकसंख्या तर 2010 ते 2020 या दहा वर्षांत दीडपटीहून जास्त झाली. विम्याचा धंदा इथे जुना आहे. प्रिन्सिपल ही कंपनी 1879 सालची. जॉन्स्टनला कॉर्टेव्हाचं बियाणांचं काम चालतं, अँकेनीत जॉन डीअरचा कारखाना आहे, वेस्ट डे मॉइनमध्ये मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर्स आहेत. आपली मंडळी बहुतेक या कंपन्यांत थेट येतात, नाहीतर त्यांना माणसं पुरवणाऱ्या एखाद्या कन्सल्टन्सीमार्फत.

इथली कामं अवघड नाहीत, रांगाही छोट्या असतात. घोळ होतो तो क्रमाचा. पत्त्याशिवाय लायसन्स नाही, लायसन्सशिवाय गाडी चालवता येत नाही, गाडीशिवाय घरं बघायला जाता येत नाही, आणि घराशिवाय पत्ता नाही. न्यूयॉर्क-शिकागोत हे चक्र मेट्रोमुळे सुटतं. इथे ते आपल्याला स्वतः सोडवावं लागतं. पुढचं सगळं मुख्यतः एच-1बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-4 (त्यांच्या जोडीदाराचा-मुलांचा व्हिसा) वर येणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. एल-1 वाल्यांना (कंपनीच्या बदलीवर येणाऱ्यांना) आणि विद्यार्थ्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

1. निघण्याआधी जमवायचे कागद

हे चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा:

- पासपोर्ट (जुनेसुद्धा), व्हिसा, आय-797 ची (एच-1बी मंजुरीच्या नोटिशीची) मूळ प्रत, ऑफर लेटर
- पदवी आणि गुणपत्रिका
- जन्मदाखला आणि विवाह नोंदणी दाखला, मूळ प्रती
- मुलांच्या लसीकरणाची पुस्तिका आणि शाळेचे दाखले
- भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट
- चालू औषधांची प्रिस्क्रिप्शन, औषधाचं मूळ नाव लिहिलेली (ब्रँडचं नाव इथे कुणाला कळत नाही)

जन्मदाखल्याकडे नीट बघा. महाराष्ट्रातल्या जुन्या दाखल्यांत बऱ्याचदा बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. आज त्यावाचून काही अडणार नाही. पण पुढे ग्रीन कार्डच्या वेळी हाच दाखला मागतात, आणि तेव्हा नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत कुणाला तरी हेलपाटे घालायला लावावे लागतात. तुम्ही गावातच आहात तोवर नाव नोंदवून घ्या.

दातांची कामं आणि चष्मे भारतातच उरका. यावर जास्त काही लिहायला नको.

2. नाव कसं लिहायचं ते आधीच ठरवा

ही पायरी कुणी सांगत नाही, पण मराठी माणसाला हमखास नडते. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. बायकांच्या बाबतीत लग्नाआधीच्या कागदांवर वडिलांचं आणि नंतरच्या कागदांवर नवऱ्याचं. इथल्या फॉर्मवर तीन वेगळे रकाने असतात. एका ठिकाणी तुम्ही वडिलांचं नाव मधल्या रकान्यात टाकता, दुसरीकडे पहिल्या नावाला जोडून, तिसरीकडे गाळूनच टाकता. मग पगारपत्रक, सोशल सिक्युरिटी (नोकरी आणि करासाठीचा सरकारी ओळख क्रमांक), लायसन्स आणि आरोग्य विमा या चारही ठिकाणी चार वेगळी माणसं तयार होतात, आणि संगणक त्यांची जुळणी नाकारतो.

सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर जे छापून येईल तेच पुढे सगळीकडे जातं. म्हणून तो अर्ज पासपोर्ट समोर ठेवून भरा, आणि त्यानंतर प्रत्येक ठिकाणी ते कार्ड बघून लिहा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो भारतातच दुरुस्त करून या. नाहीतर इथल्या कागदांवर पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू" (फर्स्ट नेम अननोन) ही तीन अक्षरं चिकटतात आणि लोक तुम्हाला त्याच नावाने हाका मारायला लागतात.

3. पहिला आठवडा: आय-94 आणि सोशल सिक्युरिटी

मुंबईहून डे मॉइनला थेट विमान नाही. इमिग्रेशन शिकागो किंवा जिथे पहिल्यांदा अमेरिकेत उतराल तिथेच होतं. सामानही तिथे उचलून पुन्हा द्यावं लागतं. मधे चांगला वेळ ठेवा.

पोहोचल्यावर सीबीपीच्या (अमेरिकी सीमा खात्याच्या) संकेतस्थळावरून आय-94 (अमेरिकेत प्रवेश दिल्याची नोंद) उतरवून घ्या आणि त्यावरची शेवटची तारीख वाचा. किती दिवस राहता येईल ते हा कागद ठरवतो, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का नाही. इथे एक सापळा आहे. तुमचा पासपोर्ट आय-797 वरच्या तारखेआधी संपत असेल तर अधिकारी बऱ्याचदा आय-94 पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. लोक पुढे पासपोर्ट नवा करतात आणि समजतात, झालं. आय-94 आपोआप वाढत नाही. त्यामुळे पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर तो भारतातच नवा करून निघा.

सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात आल्या आल्या दुसऱ्या दिवशी धावू नका. तुमची नोंद सरकारी यंत्रणेत दिसायला थोडा वेळ लागतो. साधारण दहा दिवस थांबून गेलात तर एका फेरीत काम होतं. सोबत पासपोर्ट, आय-94, आय-797. नंबर हातात नसला तरी नोकरी सुरू करता येते. ऑफिसचा आय-9 फॉर्म (काम करायची परवानगी तपासण्याचा) मात्र रुजू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत पुरा व्हावा लागतो. एच-4 वर आलेल्यांना काम करायची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. त्यांच्यासाठी कर भरताना आयटीआयएन (फक्त करापुरता ओळख क्रमांक) काढतात.

घर बदललं की दहा दिवसांत यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) नवा पत्ता कळवायचा असतो, एआर-11 फॉर्मवर. ऑनलाइन होतं, फी नाही, आणि तरीही बहुतेक जण विसरतात. तात्पुरत्या मुक्कामातून कायमच्या घरी गेलात की त्याच संध्याकाळी करून टाका.

4. घर: आधी शाळेचा जिल्हा, मग घर

पहिले काही आठवडे ऑफिसजवळच्या स्वयंपाकघर असलेल्या हॉटेलात काढा किंवा कुणाकडे सबलेटवर. भारतातून फोटो बघून वर्षाचा भाडेकरार करू नका.

भागांबद्दल माझं मत असं. लहान मुलं असतील तर वेस्ट डे मॉइन, वॉकी, अर्बनडेल, जॉन्स्टन, क्लाइव्ह हा पश्चिम-वायव्येचा पट्टा. आपले लोक तिथेच दाटीने राहतात, भारतीय किराणाही त्याच बाजूला. जॉन डीअरच्या कारखान्यात जायचं असेल तर अँकेनी. एकटे असाल किंवा दोघंच असाल आणि ऑफिस डाउनटाउनला असेल, तर सरळ डाउनटाउन किंवा ईस्ट व्हिलेज बघा. डाउनटाउनच्या इमारती स्कायवॉकने, म्हणजे काचेच्या बंद पुलांनी, एकमेकींना जोडलेल्या आहेत. जानेवारीत कोट न घालता ऑफिसला जाता येतं, आणि दोघांत एका गाडीवर निभावतं. हा पर्याय आपल्याकडचे लोक उगीचच टाळतात.

आता सापळा. इथे शहराची हद्द आणि शाळेच्या जिल्ह्याची हद्द वेगळी असते. पत्ता वेस्ट डे मॉइनचा असतो, पण शाळा वॉकीच्या जिल्ह्यातली. क्लाइव्ह आणि अर्बनडेलचेही काही भाग वॉकीतच मोडतात. लीझिंग ऑफिसमधली बाई "उत्तम शाळा आहेत" एवढंच सांगेल. कोणत्या, ते जिल्ह्याच्या संकेतस्थळावर घराचा नेमका पत्ता टाकून स्वतः बघा.

भाडेकरारावर सही करण्याआधी विचारायच्या गोष्टी:

- नोकरी दुसऱ्या गावी गेली तर करार मधेच मोडायला किती पैसे पडतील? कन्सल्टन्सीवाल्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. प्रोजेक्ट सहा महिन्यांत संपतो, करार बारा महिन्यांचा असतो.
- हीटिंग गॅसवर की विजेवर? वीज आणि गॅस या भागात मिडअमेरिकन एनर्जीकडून येतात, आणि विजेवर तापणाऱ्या जुन्या फ्लॅटचं फेब्रुवारीतलं बिल बघून घाम फुटतो.
- गॅरेज मिळेल का, आणि जास्तीचे किती?
- चुलीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की तोच पुन्हा घरात सोडतो? हसू नका. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक फोडणीला स्मोक अलार्म वाजतो आणि हातात टॉवेल घेऊन एक माणूस त्याखाली उभा करावा लागतो.

आयोवाच्या कायद्यानुसार घरमालक दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ शकत नाही. घर सोडल्यावर आणि तुम्ही नवा पत्ता कळवल्यावर 30 दिवसांत त्याने ते परत करायचं, किंवा कापले तर कारण लेखी द्यायचं. नवा पत्ता लेखी कळवा, नाहीतर त्याला निमित्त मिळतं. आणि राहायला आल्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ठेवा, कार्पेटवरच्या डागांसकट.

तान्हं बाळ असेल तर पाण्याची एक गोष्ट. इथल्या नद्यांत शेतीतून नायट्रेट उतरतं, आणि ते काढायला शहराला वेगळं संयंत्र चालवावं लागतं. जून 2025 मध्ये ते इतकं वाढलं होतं की हिरवळीला पाणी घालायलाच बंदी आली. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरमागे 10 मिलिग्रॅमची आहे, आणि धोका असतो तो सहा महिन्यांखालच्या बाळांना. आपली आजी-काकू मंडळी सांगतील, पाणी उकळून दे. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. पुरवठा संस्थेकडून इशारा आला तर बाळाच्या दुधासाठी बाटलीबंद पाणी वापरा.

5. लायसन्स आणि गाडी

डार्टच्या बस आहेत, डाउनटाउनमध्ये फुकटची डी-लाइनही आहे. ऑफिस आणि घर एकाच बसमार्गावर असेल तर काही महिने चालून जाईल. उपनगरातून उपनगरात जायचं असेल तर विसरा.

क्रम असा ठेवा. सोशल सिक्युरिटी नंबर आला आणि भाडेकरार झाला की लायसन्सची अपॉइंटमेंट घ्या. मोठं केंद्र अँकेनीत आहे. न्यायचे कागद: पासपोर्ट, व्हिसा, आय-94, आय-797, सोशल सिक्युरिटी नंबर (मिळालेला असेल तर) आणि राहत्या पत्त्याचे दोन पुरावे. पत्त्यासाठी भाडेकरार आणि बँकेचं स्टेटमेंट किंवा विजेचं बिल चालतं. म्हणजे बँक खात्यावर आणि बिलावर नवा पत्ता आधी चढलेला हवा. जोडीदाराच्या नावाचा पुरावा लागतो, म्हणून भाडेकरारात दोघांची नावं घाला आणि निदान एखादं बिल दुसऱ्याच्या नावावर ठेवा. एच-4 वाल्यांचं घोडं नेहमी इथेच अडतं.

लेखी परीक्षेत 35 प्रश्न असतात, 28 बरोबर यावे लागतात. मॅन्युअल वाचून जा. पुण्या-मुंबईत वीस वर्षं गाडी चालवली असली तरी चार रस्त्यांच्या स्टॉपवर आधी कोण जातं हे तिथे कुणी शिकवलेलं नसतं. प्रत्यक्ष चाचणीला आपलीच गाडी न्यावी लागते, विमा आणि नोंदणी चालू असलेली. ती नसेल तर ड्रायव्हिंग स्कूलची किंवा मित्राची घ्या. नापास होण्याची आपली ठरलेली कारणं दोन: स्टॉपला गाडी पूर्ण न थांबवणं, आणि लेन बदलताना मान न वळवता नुसत्या आरशावर भागवणं.

लायसन्सची मुदत तुमच्या आय-94 ला बांधलेली असते. व्हिसा वाढला की लायसन्सही पुन्हा काढावं लागतं. दोन्ही तारखा कॅलेंडरवर एकत्र टाकून ठेवा.

गाडीची नोंदणी डीओटीकडे (राज्याच्या वाहतूक खात्याकडे) नसते, काउंटी ट्रेझररकडे (काउंटीच्या खजिनदाराकडे) असते. नंबरप्लेटवर खाली काउंटीचं नाव असतं ते याच कारणाने. विकत घेताना किमतीच्या 5 टक्के एकदाच नोंदणी फी पडते, ती बजेटमध्ये धरा. खाजगी माणसाकडून घेतलीत तर टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) त्याची सही, मायलेजची नोंद आणि गाडीवर कर्ज नसल्याची खात्री, हे तिन्ही झाल्याशिवाय पैसे देऊ नका. मग 30 दिवसांत ट्रेझररकडे जा. आयोवात दरवर्षीची गाडीची तपासणी नसते, त्यामुळे गंजलेल्या गाड्याही रस्त्यावर मजेत फिरतात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून जुनी गाडी घेताना ती खालून बघा, किंवा एखाद्या तटस्थ मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून बघून घ्या.

विम्याची कायद्याने लागणारी किमान रक्कम इथे फारच कमी आहे: एका माणसाच्या दुखापतीला 20 हजार डॉलर, एका अपघातात सगळ्यांच्या मिळून 40 हजार, आणि मालमत्तेला 15 हजार. एका नव्या पिकअपचं नुकसानही यात भरून निघत नाही. चौपट-पाचपट घ्या, हप्त्यात फरक थोडाच पडतो. आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (टक्कर सोडून आपल्या गाडीच्या इतर नुकसानीचा विमा) घेतलाच पाहिजे. कारण हरीण. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, आणि हरणाची धडक कोलिजनमध्ये नाही, कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये मोडते. समोर हरीण आलं तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवू नका.

आणखी दोन नियम. दोन लेनच्या रस्त्यावर शाळेच्या बसने थांब्याचा हात बाहेर काढला की दोन्ही दिशांची वाहनं थांबलीच पाहिजेत. आणि 1 जुलै 2025 पासून गाडी चालवताना फोन हातात धरणं बेकायदा आहे. होल्डर लावा.

6. बँक, फोन, क्रेडिट

खातं पासपोर्टवर पहिल्याच दिवशी उघडतं. फोनचं प्रीपेड घ्या. क्रेडिटचा इतिहास शून्य असतो, म्हणून आधी सिक्युअर्ड कार्ड: पाचशे डॉलर ठेवायचे, थोडं खर्चायचं, दर महिन्याला पूर्ण फेडायचं. ओळखीतला कुणी म्हणाला की किमान रक्कम भरली की स्कोअर वाढतो, तर त्याचं ऐकू नका.

7. ऑफिसची रीत

लोक लवकर येतात आणि लवकर जातात. साडेसातला हजेरी लावून साडेचारला पार्किंगकडे निघणारे बरेच. संध्याकाळी सातला पाठवलेल्या ईमेलने कुणावर छाप पडत नाही. सोमवारी सकाळी मीटिंगची पहिली पाच मिनिटं हवा, हॉकाय आणि सायक्लोन या विद्यापीठ संघांची फुटबॉल मॅच आणि मुलांच्या खेळात जातात. ही पाच मिनिटं वाया गेली असं समजून लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसू नका. इथे बढती आणि प्रोजेक्ट ओळखीतूनच मिळतात, आणि ओळख इथेच होते. नकारही गोड भाषेत येतो. "इंटरेस्टिंग आयडिया, वी विल थिंक अबाउट इट" ऐकलं की ते काम बहुधा होणार नाही असं धरा.

पॉटलकला (प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला) शाकाहारी असाल तर प्रत्येक पदार्थाबद्दल विचारा. बीन्समध्ये बेकन, 'पाय' नावाच्या भाजलेल्या पदार्थाच्या पापुद्र्यात कधी लार्ड (डुकराची चरबी), जेलोत जिलेटिन. विचारलेलं कुणालाही वावगं वाटत नाही. तुम्ही पोहे किंवा ढोकळा नेलात तर डबा रिकामा परत येतो.

कन्सल्टन्सीतून आलेल्यांनी हे नीट वाचा. एच-1बीच्या अर्जाचा आणि वकिलाचा खर्च मालकाने करायचा असतो, तुमच्या पगारातून कापून घ्यायचा नसतो. प्रोजेक्ट नाही म्हणून पगार थांबवता येत नाही. कामाची जागा डे मॉइनहून सीडर रॅपिड्ससारख्या दुसऱ्या महानगर क्षेत्रात हलली तर तिकडे कामाला जाण्याआधी सुधारित अर्ज दाखल व्हावा लागतो. "तू जा, कागद नंतर करू" असं सांगणारा मालक जोखीम तुमच्या गळ्यात घालतोय. नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, आणि आय-94 त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाही. गावात मालक मोजके आहेत. त्यामुळे ओमाहा, कॅन्सस सिटी, मिनिआपोलिस ही गावं आधीपासून नजरेत ठेवा, सगळी दोन ते चार तासांवर आहेत.

8. मुलांची शाळा

शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू होते. किंडरगार्टनसाठी 15 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. नावनोंदणीला जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि आयोवाचा लसीकरणाचा दाखला लागतो. भारतातली पुस्तिका चालत नाही. ती घेऊन इथल्या डॉक्टरकडे जायचं, राहिलेल्या लसी घ्यायच्या आणि दाखला भरून आणायचा. त्याशिवाय किंडरगार्टनला दातांची आणि डोळ्यांची तपासणी, आणि रक्तातल्या शिशाची चाचणी. डॉक्टरची पहिली अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच नंबर लावा. भाषेच्या चाचणीला बोलावलं तर रागावू नका. घरी मराठी बोलतो असं फॉर्मवर लिहिलं की ती होतेच, आणि तरीही खरं तेच लिहा.

9. थंडी आणि वादळ

डिसेंबरमध्ये पावणेपाचला अंधार होतो. जानेवारीत रात्रीचं तापमान उणे दहा सेल्सिअस हे रोजचं, लाट आली तर उणे पंचवीस. भारतातून जाड जॅकेट आणू नका. तिकडच्या जॅकेटला इथला वारा जुमानत नाही. इथे येऊन घ्या, बूट आधी आणि जॅकेट नंतर.

गाडीत ठेवा: बर्फ खरवडायचा ब्रश, उणे तापमानाचं काच धुण्याचं द्रव, ब्लँकेट, टॉर्च, जंपर केबल, छोटं फावडं. पहिला बर्फ पडल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघा. पायाखाली एबीएसची थरथर एकदा ओळखीची झाली की रस्त्यावर घाबरायला होत नाही. बाहेरगावी निघण्याआधी आयोवा 511 वर रस्त्याची स्थिती बघा. त्यावर "प्रवास टाळा" असं लिहिलं असेल तर टाळा. शहराने बर्फाची आणीबाणी जाहीर केली की रस्त्यावर उभी केलेली गाडी हलवायची, नाहीतर दंड होतो किंवा गाडी उचलून नेतात.

एप्रिल ते जून चक्रीवादळांचा, म्हणजे टोर्नेडोंचा, काळ. "वॉच" आला की लक्ष ठेवा, फोन चार्ज करा. "वॉर्निंग" आली की लगेच तळघरात जा. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची आतली जागा आजच बघून ठेवा. बाल्कनीत उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्या शेजाऱ्यांकडे बघू नका. मे 2024 मध्ये नैर्ऋत्येला ग्रीनफील्ड गावाचा मोठा भाग वादळाने उद्ध्वस्त केला. 10 ऑगस्ट 2020 ला आलेला डेरेचो हा तर नुसता सरळ वारा होता, पण अनेक घरांत कित्येक दिवस वीज नव्हती.

10. दवाखाना, किराणा, देऊळ

विमा मिळाला की लगेच नेटवर्कमधला फॅमिली डॉक्टर निवडून ठेवा. ताप-खोकला, मुरगळलेला पाय यासाठी अर्जंट केअर. इमर्जन्सी रूमला जीवावर बेतलं तरच. दोन्हींच्या बिलात कित्येक पटींचा फरक असतो.

किराणा मालावर आयोवात विक्रीकर नाही. तयार खाण्यावर, कोल्ड्रिंकवर आणि बाकी खरेदीवर डे मॉइनमध्ये 7 टक्के लागतो. सोड्याच्या कॅनवर 5 सेंट डिपॉझिट असतं, ते रिकामे कॅन परत देऊन मिळतं. मे ते ऑक्टोबर शनिवारी सकाळी डाउनटाउनला शेतकरी बाजार भरतो. तिथे मेथी-कोथिंबीर ताजी मिळू शकते, पण लवकर गेलात तर. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला गोड मक्याची कणसं विकतात, ती जरूर घ्या. शेतात मैलोन्‌मैल दिसतो तो मका मात्र जनावरांचा आणि इथेनॉलचा, तो तोडून भाजायच्या भानगडीत पडू नका.

हिंदू मंदिर मॅड्रिड गावात आहे, वायव्येला अर्ध्या-पाऊण तासावर. गणपती-दिवाळीच्या कार्यक्रमांची खबर तिथेच लागते. भारतीय वकिलातीच्या कामांसाठी आयोवा शिकागोकडे येतं. पासपोर्टची कामं टपालाने होतात, पाच तास गाडी हाकत जायची सहसा गरज पडत नाही.

11. घर विकत घेण्याची घाई

इथल्या किमती बघून मुंबई-पुण्याच्या माणसाला पहिल्याच उन्हाळ्यात घर घ्यावंसं वाटतं. एक हिवाळा भाड्याने काढा. कोणता रस्ता आधी साफ होतो आणि कोणत्या कॉलनीत वारा चाबकासारखा लागतो ते त्याशिवाय कळत नाही.

घ्यायचंच ठरलं तर तीन गोष्टी. एक, रेडॉन. आयोवाच्या सगळ्या 99 काउंट्या ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेने सर्वाधिक धोक्याच्या गटात टाकल्या आहेत. हा वायू जमिनीतून तळघरात साठतो, वास येत नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. खरेदीआधी चाचणी करून घ्या. लिटरमागे 4 पिकोक्युरीच्या वर आला तर विकणाऱ्याकडून निचऱ्याची यंत्रणा मागा. दोन, ॲब्स्ट्रॅक्ट. आयोवात खाजगी टायटल इन्शुरन्स (घराच्या मालकीहक्काचा विमा) विकत नाहीत. त्याऐवजी त्या जमिनीच्या सगळ्या जुन्या व्यवहारांचं बाड असतं, वकील ते वाचून मत देतो, आणि हमी आयोवा टायटल गॅरंटी ही सरकारी संस्था देते. सातबारा आणि सर्च रिपोर्ट बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. दुसऱ्या राज्यातून आलेले दलाल मात्र गोंधळतात. तीन, प्रॉपर्टी टॅक्स. तो सप्टेंबर आणि मार्च अशा दोन हप्त्यांत येतो आणि हलका नसतो. कर्जाच्या हप्त्यात तो धरूनच परवडतं का ते बघा. राहायला गेल्यावर होमस्टेड (स्वतः राहत्या घराच्या) करसवलतीचा अर्ज काउंटी असेसरकडे 1 जुलैच्या आत द्या.

12. पहिल्या वर्षाचा कर

जुलैच्या मध्यानंतर एच-1बीवर आलात तर त्या वर्षी अमेरिकेत 183 दिवस भरत नाहीत, आणि तुम्ही बहुधा करासाठी नॉन-रेसिडेंट ठरता. मग 1040-एनआर (नॉन-रेसिडेंटचं विवरणपत्र) भरायचा, जोडीदारासोबत एकत्र नाही, आणि स्टँडर्ड डिडक्शनही नाही. ती सवलत भारत-अमेरिका करारात फक्त विद्यार्थ्यांना आहे. नेहमीची बरीच सॉफ्टवेअर हा फॉर्म भरत नाहीत आणि मुकाट्याने तुम्हाला रेसिडेंट म्हणून भरू देतात. पहिल्या वर्षी जाणकाराला पैसे द्या.

केंद्राची मुदत 15 एप्रिल, आयोवाची 30 एप्रिल. आयोवाचा आयकर 2025 पासून सगळ्यांना सरसकट 3.8 टक्के.

भारतातल्या पैशांचं काय करायचं ते पहिल्याच वर्षी ठरवा. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्या, फेमा या परकीय चलन कायद्याखाली ते बंधनकारक आहे. एनआरई (परदेशातल्या कमाईच्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे रेसिडेंट झाल्यावर इथल्या करात दाखवायचं. भारतीय म्युच्युअल फंडांचा हिशेब इथे फॉर्म 8621 वर जातो आणि डोकं खातो. शक्य असेल तर निघण्याआधी विकून मोकळे व्हा, निदान चालू एसआयपी थांबवा. आणि इथे करासाठी रेसिडेंट झालात की भारतातल्या सगळ्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एक दिवस जरी 10 हजार डॉलरच्या वर गेली तरी एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो. आईसोबतचं जॉइंट खातंही त्यात धरा. तो विवरणपत्राबरोबर जात नाही, फिनसेन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळा भरायचा असतो. 15 एप्रिल चुकली तर 15 ऑक्टोबरपर्यंत मुदत आपोआप मिळते.